‘तू जा, पण आईचं बघून जा’

प्रश्न

हे पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वर्षभरापासून विसरही पडायला लागला आहे. आंघोळ, डायपर, भरवणं, औषधं, रात्री दोन-तीनदा उठणं, सगळं ताईच बघतात. पती पतसंस्थेत नोकरीला आहेत, दीर पुण्यात आणि नणंद कोल्हापूरला. तीन वर्षांत ताई एक रात्रही घराबाहेर राहिलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात माहेरी, पंढरपूरजवळ, भाच्याचं लग्न आहे आणि त्यांना चार दिवस जायचं आहे. पती म्हणतात, “तू खुशाल जा, पण आईचं काय ते बघून जा.” नणंद म्हणते, “आईला तुझ्याशिवाय कुणाचं पटत नाही, आणि बाहेरची बाई ठेवली तर लोक नावं ठेवतील.” मागच्या आठवड्यात रात्री तिसऱ्यांदा उठावं लागलं तेव्हा ताईंनी सासूबाईंचा हात जोरात झिडकारला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन त्या रडत बसल्या. त्या विचारतात, “सुट्टी मागते म्हणजे मी स्वार्थी आहे का? आणि गेलेच तर हे चार दिवस निभवायचे कसे?”

उत्तर

ताई,

आधी सरळ उत्तर देते. लग्नाला जा. चारही दिवस जा. स्वार्थाचा यात काही संबंध नाही.

पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं ते नणंदेचं नाही, तुमच्या यजमानांचं आहे. “तू खुशाल जा, पण आईचं काय ते बघून जा.” ते चांगल्या मनानेच बोलले असतील. तरी या वाक्यात तुम्हाला मिळाली आहे ती फक्त परवानगी. बाई शोधायची तुम्ही, तिला शिकवायचं तुम्ही, नणंदेची मनधरणी करायची तुम्ही, औषधं भरून ठेवायची तुम्ही, आणि तिकडे मांडवात बसून दर तासाला फोन करायचा तोही तुम्हीच. कितीतरी बायका याच टप्प्यावर “जाऊ दे, नाहीच जात” म्हणतात आणि घरच्यांना वाटतं की तिलाच जायचं नव्हतं. म्हणून पहिला बदल इथे हवा. तुम्ही नसताना आईंचं कोण बघणार, हे ठरवणं आईंच्या मुलांचं काम आहे. तुम्ही त्यांना माहिती द्याल, शिकवाल, मदत कराल. ठरवायचं त्यांनी.

यजमानांशी बोलताना “जाऊ का?” असं विचारू नका. “मी अमुक तारखेला निघणार आणि अमुक तारखेला परत येणार. या दिवसांत आईंजवळ कोण असेल ते तुम्ही तिघं भावंडं येत्या रविवारपर्यंत ठरवा, मी त्यांना सगळं दाखवून देते,” असं सांगा. आवाज चढवायची गरज नाही. तारीख मात्र सांगा.

आता नणंदेच्या म्हणण्याकडे येऊ. आईंना तुमच्याशिवाय पटत नाही, हे खरंच असेल. चार वर्षं ज्या हातांनी उचललं, पुसलं, भरवलं त्या हातांची सवय झालेली असते, आणि विसर पडणाऱ्या माणसाला तर ओळखीच्या स्पर्शाचा आधार जास्तच लागतो. पण दुसऱ्या कुणाचं पटत नाही याचं एक साधं कारण असंही आहे की दुसऱ्या कुणी फारसं केलेलंच नाही. आणि उद्या तुम्हीच आजारी पडलात तर? तुमचा पाय मुरगळला, ताप आला, ऑपरेशन निघालं तर? त्या दिवशी आईंसमोर एकदम अनोळखी माणूस उभं राहील, तेही सगळे घाबरलेले असताना. घरात काम येणारे आणखी दोन हात तयार असणं ही आईंचीच सुरक्षितता आहे. नणंदेला हे याच शब्दांत सांगा, कारण तिला आईची काळजी आहे आणि हा मुद्दा आईच्याच भल्याचा आहे.

लोक नावं ठेवतील म्हणाल, तर तुमचं माहेर पंढरपूरच्या बाजूचं. पुंडलिकाची कथा तुम्हाला मी काय सांगावी. आई-वडिलांच्या सेवेत असताना त्याने दारात आलेल्या देवालाही विटेवर थांबवलं. श्रावणबाळाने आंधळ्या आई-वडिलांची कावड खांद्यावर घेतली. ज्या दोन कथांवर आपण सगळे वाढलो, त्या दोन्हींत सेवा करणारा मुलगा आहे. सुनेने एकटीने करायचं आणि मुलांनी अधूनमधून विचारपूस करायची, ही रीत या कथांमधून आलेली नाही, ती आपण घराघरांत पाडली आहे. कायदाही तेच सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सुनेचं नाव त्यात नाही. हे मी भांडणात वापरण्यासाठी सांगत नाही, कृपा करून तसं वापरूही नका. “हे तुझंच काम आहे” असं कुणी गृहीत धरलं की तुमच्या मनात जो अपराधीपणा दाटतो, तो थोडा सैल व्हावा म्हणून सांगते आहे.

आणि हे फक्त तुमच्या घरातलं चित्र नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची, यात मुलंबाळंही आली, देखभाल करताना दिसल्या आणि त्यांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटं वेळ त्यात गेला. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होतं आणि वेळ ७४ मिनिटं. तुमच्यासारख्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बाईला १४० मिनिटं ऐकून काय वाटेल याची मला कल्पना आहे.

हात झिडकारल्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते लिहायला धीर लागतो. त्यामुळे तुम्ही वाईट ठरत नाही. पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. महिनोन्‌महिने सलग झोप न मिळालेल्या माणसाचा तोल असाच आधी एकदा जातो, मग पुन्हा पुन्हा जातो, आणि समोर असते ती स्वतःला सावरू न शकणारी म्हातारी बाई. म्हणून यजमानांना ही गोष्ट सांगा, लपवू नका. “मला राग अनावर झाला, मला मदत लागणार आहे” इतकंच पुरे. पुन्हा तसं वाटलं तर आईंना सुरक्षित निजवून दोन मिनिटं खोलीबाहेर या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवा. रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर चोवीस तास फोन करता येतो. तिथे मराठीत बोला.

रात्रीच्या जागण्याबद्दल डॉक्टरांशीही स्वतंत्रपणे बोला. म्हातारपणात रात्री सतत जाग येते तेव्हा त्यामागे पुष्कळदा उपाय होण्यासारखं काही असतं. लघवीत जंतुसंसर्ग असेल, कुठे दुखत असेल, पोट साफ होत नसेल, दिवसा फार झोप होत असेल किंवा लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी दिली जात असेल. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. रात्री तीनदा उठण्याचं एकदावर आलं तरी तुमच्या दिवसाला फरक पडेल. त्याच फेरीत स्वतःचं बीपी आणि शुगरही तपासून घ्या. आईंच्या फाइलबरोबर दवाखान्यात शंभरदा गेला असाल, स्वतःचा केसपेपर शेवटचा कधी काढलात?

आता चार दिवसांचं.

एक दोनशे पानी वही घ्या. आठवडाभर, जे जे कराल ते त्यात लिहीत जा. फक्त औषधांच्या वेळा नकोत, तुमच्या हातांना पाठ झालेलं आणि म्हणून तुम्हालाही आता न दिसणारं सगळं लिहा. भरवताना आईंना किती उशा लावून ताठ बसवता, पातळ पाण्याचा ठसका लागतो का, भाकरी कशात कुस्करून देता, जेवल्यावर किमान अर्धा तास बसवूनच ठेवायचं. निजल्या असताना दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि बदलताना टाच, माकडहाड आणि खुबा बघायचा. तिथे लालसर डाग दिसला तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. संध्याकाळी “मला घरी जायचंय” म्हणून हट्ट धरला तर वाद घालायचा नाही. कुठलं गाणं, कुठला अभंग लावला की शांत होतात. रेडिओ चालतो की टीव्ही. त्या “बाळू आला का” म्हणतात तेव्हा बाळू कोण. या वहीचे दोन उपयोग आहेत. नवीन माणसाला काम हाती घेता येतं. आणि यजमानांनी, दिरांनी ती एकदा बसून वाचली की त्यांना पहिल्यांदा कळतं की या घरात रोज काय चालतं. तक्रारीचा एक शब्दही न लिहिता कळतं.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: पडल्या, ताप आला, घास अडकला, तोंड वाकडं झालं, उठवूनही जाग येत नाही, बराच वेळ लघवी झाली नाही. यातलं काही झालं तर फॅमिली डॉक्टरांचा नंबर आणि १०८. घास अडकला, तोंड वाकडं झालं किंवा शुद्ध नसली तर आधी १०८. बाकी कशासाठीही तुम्हाला फोन करायचा नाही, आणि तुम्ही दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी फोन करायचा.

चार दिवसांची सवय एकदम होणार नाही, म्हणून याच आठवड्यापासून सुरू करा. पहिल्या रविवारी दोन तास आईंजवळ यजमान एकटे, आणि तुम्ही घराबाहेर. शेजारच्या खोलीत थांबू नका, हाक ऐकली की उठाल. देवळात जा, मैत्रिणीकडे जा, झाडाखाली बसा. पुढच्या रविवारी अर्धा दिवस. त्यांचं करणं तुमच्यासारखं होणार नाही. भाजी सांडेल, गाऊन उलटा घातला जाईल. आल्यावर दुरुस्त करत बसू नका. आईंना इजा होत नसेल तर ती त्यांची पद्धत म्हणून चालू द्या, नाहीतर दोन आठवड्यांत सगळं पुन्हा तुमच्याकडे येईल.

एक अडचण लोक बोलत नाहीत, पण प्रत्येक घरात असते. मुलाने आईचं डायपर कसं बदलायचं? आईलाही लाज वाटते, मुलालाही. ही लाज खरी आहे, तिला हसू नये. समोरून बटणांचा सैल गाऊन, वरून चादर, पडदा ओढलेला आणि काम चालू असताना साधं बोलणं, एवढ्यावर पुष्कळ मुलगे शिकतात आणि एकदा केलं की संकोच ओसरतो. तरीही नाहीच जमलं तर सकाळ-संध्याकाळ त्या कामापुरती मावशी ठेवा आणि बाकीचा दिवस मुलाने बघावा. “मला ते जमत नाही” म्हणून चोवीस तासांतून सुटका होत नाही.

बाई शोधताना, अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोआधी गावातल्या आशाताईंना, म्हणजे आशा सेविकांना, विचारा. हे काम त्यांच्याकडे नसतं, पण कुणाच्या घरी कुणी म्हातारं माणूस नीट सांभाळलं आहे हे त्यांना ठाऊक असतं. नाहीतर साताऱ्यात, कराडला किंवा पुण्याला ब्युरो आहेत. तिथून येणाऱ्या बाईचं आधार कार्ड, पत्ता, आधीच्या घराचा फोन नंबर घ्या, आणि त्या घरी खरोखर फोन करा. तुम्ही जाण्याआधी निदान आठ-दहा दिवस ती तुमच्या सोबत काम करू दे, म्हणजे आईंना तिचा चेहरा आणि आवाज ओळखीचा होईल. आणि ताई, एक गोष्ट कळकळीने सांगते. चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे तिने चोवीस तास जागं राहणं नव्हे. तिला सलग झोप, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी द्या. तुमचा भार उचलून जसाच्या तसा दुसऱ्या बाईच्या पाठीवर टाकला तर तिचाही तोल एक दिवस जाईल.

खर्च दिरांनी उचलावा, हे यजमानांनी त्यांना सांगावं. पण पैसे पाठवले म्हणजे वाटा संपला असं होऊ नये. घरून काम करता येत असेल तर लॅपटॉप घेऊन महिन्यातला एक शनिवार-रविवार ते गावी राहू शकतात. नणंदेने दर दोन महिन्यांनी चार दिवस यावं. आईंना मात्र महिना इकडे, महिना तिकडे फिरवू नका. विसर पडणारं माणूस नव्या घरात संडासची दिशा विसरतं, रात्री घाबरतं, पडतं. माणसांनी तिच्याकडे यावं. आईंचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधून काढून घ्या. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या, आपल्यावर अवलंबून असणाऱ्या आई-वडिलांसाठी प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या मुलाला करपात्र उत्पन्नातून ७५ हजार रुपयांची आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट मिळते. त्यातून वाचणारे पैसे थेट मावशीच्या पगाराकडे वळवा.

लग्नाच्या चार दिवसांत घरचं कुणीच मिळालं नाही तर अल्पमुदतीसाठी माणूस ठेवून घेणारी शुश्रूषा केंद्रं मोठ्या शहरांत आहेत. आईंच्या बाबतीत हा माझा शेवटचा पर्याय असेल, कारण नवी जागा त्यांना गोंधळात टाकेल. वेळ आलीच तर न सांगता दुपारी जाऊन बघा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात, कुणाला बांधून ठेवतात का, तातडीला कुठल्या दवाखान्यात नेतात, हे विचारा, आणि पहिला दिवस घरचं कुणीतरी सोबत राहू दे.

या सदराला पत्र लिहिणाऱ्या इतरांच्या घरची परिस्थिती वेगळी असते, त्यांच्यासाठीही थोडं सांगते. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या ‘समर्थ’ योजनेत पालकांना थोडा काळ उसंत मिळावी म्हणून मुलांच्या निवासाची सोय धरलेली आहे. तुमच्या जवळ असं केंद्र आहे का, ते ट्रस्टकडे विचारा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्याकडे कुटुंबीय एकमेकांना भेटतात. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना मोफत आधार देतं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या, म्हणजे विसराच्या आजाराच्या, रुग्णांसाठी दिवसाचं केंद्र चालवतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे जवळच्या सोयींची चौकशी करता येते. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची घरी देखभाल करणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देणारी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे. रक्कम लहान आहे, पण सरकारने अशा माणसाची वेगळी नोंद घेतली हे मोठं आहे, आणि आपल्याकडेही ही मागणी व्हायला हवी.

पण तुमच्या गावात दिवसाचं केंद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे खरा आधार घरातली माणसं आणि एक चांगली मावशी हाच आहे. म्हणून लग्नाच्या चार दिवसांवर थांबू नका, असं माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं आहे. तुमच्याकडे बेंदराला, बैलांच्या सणाला, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो थकला आहे का, त्याने सुट्टी कमावली आहे का, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. तिथी आली की विश्रांती. तुमच्या विश्रांतीलाही अशाच तारखा हव्यात: आठवड्याला एक दुपार, महिन्याला एक पूर्ण दिवस आणि रात्र, दर तीन महिन्यांनी चार-पाच दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या वर्षभराच्या आधीच लिहा, समोर नावं लिहा, त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. कारण लागू नये. लग्न असलं तर जायचं, नाहीतर नाही, असं नको. तुमची आईही म्हातारी होत असेल ना? तिच्याजवळ नुसतं बसायलाही जाता आलं पाहिजे.

सगळं सांगूनही यजमानांनी हात वर केले, तर फॅमिली डॉक्टरांना मध्ये घ्या. “या बाईंना झोप मिळाली नाही तर मला एकाच घरात दोन पेशंट सांभाळावे लागतील,” हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पुष्कळ घरांत हालचाल सुरू होते. तेही नाही झालं तर निदान दुपारच्या दोन तासांची मावशी घरखर्चातून सुरू करा, आणि ती किराण्याइतकीच गरजेची आहे असं धरून चाला.

परत याल तेव्हा आई कदाचित रुसलेल्या असतील, बोलणार नाहीत, किंवा “मला टाकून गेलीस” म्हणतील. एखादं औषध चुकलेलं असेल, धुण्याचा ढीग असेल. कुणीतरी म्हणेल, “बघ, तू नव्हतीस तर काय हाल झाले.” त्यावरून पुढचं जाणं रद्द करू नका. वही काढा, जे चुकलं ते पुढच्या माणसासाठी त्यात लिहा, यजमानांनी जे नीट केलं तेही लिहा, आणि त्याच संध्याकाळी कालनिर्णयवर पुढच्या तारखेसमोर कुणाचं नाव आहे त्याला फोन करून आठवण द्या.